शहाण्णव नंबरचं रेकॉर्डिंग

२ सप्टेंबर

बारक्या,

तुझा पत्ता मामीकडून घेतला. अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता काम पडल्यावर आक्काला मामेभाऊ आठवला, असं म्हणशील. म्हण. खरंच आहे ते.

कुरिअरने खोकं पाठवलंय. त्यात चादरीत गुंडाळलेला एक काळा डबा आहे. माझ्या दिराने घरात बसवलेला. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, काय काय त्यात आपोआप जाऊन बसतं म्हणे. आत चार डिस्क आहेत. १९ ऑगस्टला वीज गेली, परत आली, आणि डबा बंद पडला. कोणी हात लावलेला नाही. तू असल्या बिघडलेल्या डब्यांतलं हरवलेलं परत काढतोस असं मामी म्हणाली. तर काढ.

फोटो गेले तर जाऊ देत. मी एकाही फोटोत धड आलेली नाही. मला त्यातला आवाज हवाय. माझ्या धाकट्या जावेचा.

तिच्या गळ्यात गाठ निघाली. २२ जुलैला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. बाई वाचली, आवाज गेला. ऑपरेशनच्या आधी दोन महिने हॉस्पिटलातल्या आवाजवाल्याने तिला वाक्यांची यादी दिली होती, रोज वाचून रेकॉर्ड करायला. तीनशे बारा रेकॉर्डिंगं केली तिने, दुखऱ्या गळ्याने. त्यावरून तो एक मशीन तयार करून देणार आहे. ती त्यावर लिहील आणि मशीन तिच्याच आवाजात बोलेल. रेकॉर्डर हॉस्पिटलचा होता, तो पुसून परत दिला. आवाज फक्त या डब्यात आहे. १४ ऑक्टोबरला तो आवाजवाल्याच्या हातात द्यायचाय, नंतर त्याची वेळ सहा महिने नाही.

धाकटीला यातलं काही माहीत नाही. डबा सर्व्हिसिंगला पाठवलाय असं सांगितलंय. म्हणून घरी फोन करायचा नाही. तिचा आवाज गेलाय, कान नाही गेले. मी दोन खोल्यांपलीकडे उसासा टाकला तरी पाटी घेऊन येते, "काय झालं?" लिहून. पत्र लाँड्रीच्या पत्त्यावर पाठव. मी तिथे मुकादम आहे, माझं टपाल कोणी फोडत नाही.

दीर जहाजावर इंजिनं सांभाळतो. बायकोच्या ऑपरेशनला उतरता आलं नाही त्याला. तेव्हा त्याला मध्ये घेऊ नकोस.

चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे. लागेल तेवढं लाव, उरलेलं सोड.

आक्का

&nbsp;

७ सप्टेंबर

आक्का,

नमस्कार आधीच घेऊन ठेव, कारण पुढे मी कटकट करणार आहे.

खोकं पोचलं. तू मारलेली गाठ सुटेना, शेवटी कात्री घेतली. डबा उघडून बघितलाय, पण काम सुरू केलेलं नाही. का ते सांगतो.

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. डबा शेवटी ज्याच्या हातात होता त्याने, काय काय केलं ते स्वतःच्या हाताने, दिवसावार लिहून द्यायचं. फोनवर चालत नाही. फोनवर माणसं "काही नाही हो केलं" म्हणून मोकळी होतात, कागदावर हात जरा अडखळतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एका गृहस्थांच्या तोंडी सांगण्यावर गेलो. डिस्क त्यांच्या हातून पडली होती, लाजेने बोलले नाहीत. मी ती चालू केली आणि त्यांचं होतं नव्हतं ते माझ्या हातून गेलं. तेव्हापासून कागद.

तुझा कागद आला, पण डबा वेगळंच सांगतोय.

चार डिस्क म्हणजे एका घरातल्या चार जावा समज. काम चौघींत वाटलेलं. एक आजारी पडली तर उरलेल्या तिघी तिचंही ओढतात, बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. पण दुसरी पडली की घर बंद. म्हणून पहिली पडते त्याच दिवशी डबा बोंब मारतो. मुद्दाम कर्कश आवाजात, म्हणजे कोणीतरी वैतागून नवी डिस्क आणेल.

आता बघ. प्रत्येक डिस्क आपण शेवटचं काम कधी केलं ते स्वतःवरच लिहून ठेवते. तिघींवर १९ ऑगस्ट आहे. एकीवर ११ मार्च. म्हणजे पाच महिने डबा बोंबलत होता. कोणाला ऐकू आलं नाही?

दुसरं. पंख्यात बोटभर पांढरी लव अडकली आहे. मी रोज धूळ बघतो, धूळ राखाडी असते. ही कापडाची आहे.

तिसरं. डिस्क ज्या खणांत आहेत ते त्यांचे मूळ खण नाहीत. कडेचे घासलेले व्रण जुळत नाहीत.

हे सगळं चौकशीच्या हौसेने विचारत नाही. १९ तारखेला जी पडली ती डिस्क फार थकलेली आहे, तिच्यातून एकदा वाचता येईल, दुसऱ्यांदा येईलच असं नाही. मार्चवाली ठणठणीत वाचते, पण तिला मार्चनंतरचं काहीच ठाऊक नाही. तुझं पत्र खरं धरलं असतं तर मी थकलेलीला त्रास न देता मार्चवालीच घेतली असती, आणि तुझ्या जावेचं प्रत्येक वाक्य फाटकं आलं असतं.

मी कोणाचा न्याय करायला बसलेलो नाही. मला फक्त क्रम हवाय. आधी काय, मग काय.

बारक्या

&nbsp;

११ सप्टेंबर

बारक्या,

लहानपणीही तू असाच होतास. बरणी कोणी सांडली ते मुंग्यांची रांग बघून सांगायचास आणि मार मी खायचे. बरं, घे लिहून. दुपारच्या सुट्टीत लिहितेय, बाजूला आठ मशीनं घरघरतायत, तेव्हा अक्षर हललं तर ते त्यांचं.

११ मार्चला सकाळी डबा वाजायला लागला. आमच्याकडे लाँड्रीत धुणं झालं की मशीन वाजतं, वाळवण झालं की वाजतं, दार नीट लागलं नाही की वाजतं. दिवसभर काहीतरी वाजतच असतं. बटण दाबायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. प्रत्येकाला काय हवंय ते विचारत बसले तर चादरी कोण काढणार? मी डब्याचं बटण दाबलं, तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी परत वाजला. परत दाबलं. मग रोज सकाळी दात घासल्यासारखं तेही करायला लागले.

मेमध्ये धाकटीचं रेकॉर्डिंग सुरू झालं. डबा बोळातल्या कपड्यांच्या कपाटात, आणि कपाटाला लागूनच तिची खोली. बटण दाबलं तरी आता तो दुपारी परत वाजायचा. ती वाक्य वाचायची, मध्येच बीप. मग तेच वाक्य पुन्हा. एकेका वाक्याला तिच्या गळ्याची कळ मला दिसायची. मला सहन होईना. कपाटात घडीचे टॉवेल होतेच. चारी बाजूंनी चार लावले, वरून एक. बाहेर चिमणीएवढा आवाज आला तर आला. मला वाटलं, मी किती मोठं शहाणपण केलं.

आता हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. जुलैअखेर एकदा अंघोळीला टॉवेल घ्यायला गेले. वरचा हातात घेतला तर ड्रायरमधून काढल्यासारखा गरम. मी बावीस वर्षं कापडाला हात लावून सांगते किती वेळ भट्टीत होतं ते. मला कळलं. तरी मी दुसरा टॉवेल घेतला आणि तो घडी करून परत जागेवर ठेवला. ऑपरेशनला आठवडा झाला होता, घरात शांतता होती, मला परत ते वाजणं नको होतं.

१९ ऑगस्टला वीज गेली हे खरं. तेवढं एकच खरं होतं पहिल्या पत्रात. वीज आल्यावर डबा सुरू होईना म्हणून मी चारी डिस्क बाहेर ओढल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या आणि परत घातल्या. लाँड्रीची रीत अशी की घड्यांच्या चळतीतलं वरचं खाली जातं आणि खालचं वर येतं, म्हणजे तेच तेच कापड झिजत नाही. हाताला सवय. वरची डिस्क खाली घातली, बाकीच्या एकेक घर वर सरकवल्या. डबा सुरू झाला, सगळे दिवे लुकलुकायला लागले. मी खूश. एक धुण्याचा फेरा, अडतीस मिनिटं, तसाच ठेवला. मग सगळे लाल झाले. मी वायर उपटली.

आणि तू विचारायच्या आधी सांगते. दिराला विचारलं होतं मी, डबा वाजतोय म्हणून. काही नाही होत, म्हणाला.

झालं का तुझं समाधान? आता काढ आवाज.

आक्का

&nbsp;

२४ सप्टेंबर

आक्का,

तुझ्या कागदाने माझे निदान दहा दिवस वाचवले. चळतीची रीत कळल्यावर डिस्कचा मूळ क्रम लागायला एक दुपार पुरली. इतकी वर्षं काम करतोय, पण असं कारण कोणी दिलं नव्हतं. मी ते भिंतीवर लिहून ठेवलंय.

आता वाईट. त्या अडतीस मिनिटांत डबा गप्प नव्हता. चुकीच्या क्रमाला बरोबर धरून तो स्वतःच दुरुस्ती करत सुटला होता, आणि सुरुवातीच्या भागावर त्याने भलतंसलतं लिहिलं. तिथे जे होतं ते गेलं. ते मीच काय, कोणीच आणू शकणार नाही. साधारण सत्तरेक रेकॉर्डिंगं त्या भागात असावीत.

उरलेलं थकलेल्या डिस्कच्या मर्जीवर आहे. तिची नोंद सांगते की ती अडुसष्ट अंशांपर्यंत तापत होती. तिला थंड ठेवून थोडं थोडं वाचतो. थोडं वाचलं की विश्रांती. अडली की ती जागा सोडून पुढे जायचं, आग्रह नाही करायचा. तुझ्यासारखीला हे काम दिलं असतं तर पहिल्या तासात तिचा गळा धरला असतास.

एक गोष्ट मात्र मला खटकते. तुझ्या दिरांची. ज्यांनी स्वतःच्या हाताने असा डबा बसवला, त्यांना तो वाजणं म्हणजे काय हे माहीत नसेल? तू विचारतेस आणि ते "काही नाही होत" म्हणतात? एक डिस्क तेव्हाच बदलली असती तर आज हे काहीच झालं नसतं. खरं सांगायचं तर तुझ्या टॉवेलांपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आलाय. त्यांचा जहाजावरचा पत्ता पाठव. डब्याचा पासवर्डही लागेल आणि दोन शब्द सुनवायचेही आहेत.

बारक्या

&nbsp;

२७ सप्टेंबर

बारक्या,

दिराला काही लिहायचं नाही. एक अक्षर नाही. पासवर्ड डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे, तो काय आपल्या डोक्यात ठेवतो थोडाच.

त्याचा पत्ता मी कुठून देऊ? फेब्रुवारीपासून माझं त्याचं बोलणं नाही. जायच्या आदल्या दिवशी चार पाहुण्यांसमोर म्हणाला, "वहिनी, याला हात लावू नका, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. काही झालं तर फक्त मला फोन करा." सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन भांडी आपटली.

धाकटी रोज विचारते डबा कधी येणार. काल पाटीवर डबा काढला, त्याला दोन पाय काढले आणि लिहिलं, "चालत येतोय का?" मला हसावं लागलं.

आग्रह करू नकोस त्या डिस्कला. सांभाळून घे.

आक्का

&nbsp;

४ ऑक्टोबर

आक्का,

तीनशे बारापैकी दोनशे अडतीस धड आली आहेत. एवढी मी धरली नव्हती. आवाजवाल्याशी बोललो, त्याच्या कामाला दोनशे पुरतात म्हणाला. थकलेली डिस्क परवा शेवटचं पान वाचून थांबली, आता ती फिरतही नाही. तिने तिचं केलं.

आता हे पुढचं सावकाश वाच.

आलेली प्रत्येक फाइल मी उघडून ऐकतो, फाटलेली तर नाही ना म्हणून. "दार लावून घ्या." "आज जरा बरं वाटतंय." "हे कितीला दिलं?" दोनशे अडतीस वेळा. तुझ्या जावेचा आवाज मी आता भर बाजारात ओळखेन.

सगळी अर्ध्याएक मिनिटाची आहेत. शहाण्णव नंबरचं अकरा मिनिटांचं आहे, ९ जूनचं. रेकॉर्डर बंद करायचा राहून गेलाय. त्यात ती "मला चहा नको" हे वाक्य वाचते आणि म्हणते, "ताई, हे वाक्य माझ्या काही उपयोगाचं नाही हो." मग तू येतेस. मागे कुठेतरी बारीक बीप आहे, टॉवेलाआडून येतो तसा. ती विचारते, "तो डबा अजून वाजतोय. ह्यांना विचारलंत का?" तू म्हणतेस, "विचारलं." "कधी?" "काल. म्हणाला, डब्याला तुझा आवाज आवडलाय, म्हणून साथ धरतोय. तू वाच." आणि ती हसते, आक्का. पोट धरून हसते. खोकला येईपर्यंत.

मी तिथे बंद केलं.

फेब्रुवारीपासून बोलणं नाही, असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. जूनमध्ये "काल विचारलं" असं तू रेकॉर्डिंगमध्ये म्हणतेस. माझं काम क्रम लावायचं आहे. तो लागला. तुझ्या दिरांवर मी उगाच तोंड टाकलं, त्याची माफी त्यांच्यापर्यंत पोचवता येत नाही म्हणून तुझ्याकडेच मागतो.

आवाजवाल्याने आणखी एक सांगितलं. वाचलेली वाक्यं सपाट असतात. कुठे खरं हसणं सापडलं तर त्याला सोन्याची किंमत, कारण हसणं त्याला मशीनमधून बनवता येत नाही. ते जसंच्या तसं मशीनच्या एका बटणावर बसवतो. सगळ्या दोनशे अडतीसात हसणं एवढं एकच आहे.

तर माझं म्हणणं असं. हसणं तेवढं मी कापून देतो. अकरा सेकंदांचं आहे. मागचं पुढचं गेलेल्या सत्तरात गेलं असं धरायचं. कोणी विचारणार नाही. माझ्या दुकानात नियम कागदाचा आहे, पण कागद कोणाला दाखवायचा असा नियम नाही.

तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो. ११ ला पाठवलं तरी वेळेत पोचेल.

बारक्या

&nbsp;

८ ऑक्टोबर

बारक्या,

कापू नकोस. पूर्ण पाठव. आधी हे लिहिते, कारण पुढे काय लिहीन मला माहीत नाही.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. ते हसणं माझ्या थापेवर आहे. उद्या ती बटण दाबेल, घरात हसू येईल, आणि दरवेळी मला तीच थाप ऐकू येईल. तिला आठवणार नाही असं तुला वाटतं? आपण शेवटचं कशावर पोटभर हसलो ते आवाज गेलेली बाई विसरेल?

ऐक. त्याने हात लावू नका म्हटलं, ते मला लागलं होतं. डबा वाजला तेव्हा मनात आलं की आता फोन करायचा म्हणजे "नाही हो भाऊजी कळलं मला" असं म्हणायचं. जीभ वळेना. उद्या करू, उद्या करू. धाकटीने मार्चमध्ये एकदा विचारलं, एप्रिलमध्ये एकदा, जूनमध्ये तू ऐकलंस ते. तिन्ही वेळा विचारलं म्हणाले. तिने स्वतः विचारलं नाही, कारण ताईने विचारलंय ना. त्या दोघांना फोन मिळायचा तो पाच मिनिटांचा, त्यात दुखण्याचं बोलणार की डब्याचं?

म्हणजे टॉवेल अडाणीपणाने ठेवले असं मी तुला सांगितलं ते अर्धं. एका फोनचं काम होतं. तो मी माझ्या नाकासाठी केला नाही.

काल दुपारी तिला समोर बसवलं आणि उभ्या उभ्याच सगळं एका दमात सांगितलं. मार्चपासून. सत्तर गेली तेही सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. मग पाटी घेतली आणि लिहायला लागली.

तुला सांगते, ती माझ्यासाठी नेहमी मोठं लिहिते. मला एकेक अक्षर लावत वाचावं लागतं, तिला ते ठाऊक आहे. लिहून झालं की माझ्या ओठांकडे बघत थांबते, मग पुसते. काल तिने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बारीक अक्षरात भरभर लिहिलं. पाटी माझ्यासमोर धरली. मी "तुम्हाला मी" एवढं वाचलं आणि तिने पुसून टाकलं.

मी म्हटलं, अगं, परत लिही. तिने नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, शिव्या असल्या तरी लिही. तिने पाटी पालथी ठेवली आणि आत गेली.

आज लाँड्रीच्या ऑफिसातून दिराला फोन लावला. दोन तासांनी लागला. म्हटलं, भाऊजी, मी बोलतेय, आणि मध्ये बोलू नका. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, डबा मलाही कळवत होता. रोज मेल येत होते. मार्चपासून. मी म्हटलं, बघू तरी, फोन कधी करतात."

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मग काय, निम्मा दोष त्याचा. त्यांना सगळंच निम्मं करायला आवडतं. मला हलकं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. गरम टॉवेल माझ्या हातात होता, त्याच्या नाही. त्याचं तो बायकोला सांगेल. सांगेल का ते बघायला मी जाणार नाही.

पाठव लवकर. आणि माझे कागद फाडू नकोस. तुझ्या नियमात असतील तर ठेव.

आक्का

&nbsp;

११ ऑक्टोबर

आक्का,

पाठवलं. दोनशे अडतीस, त्यात शहाण्णव पूर्ण. दोन प्रती, दोन वेगळ्या पाकिटांत, एक तुझ्या नावाने आणि एक आवाजवाल्याच्या. एक हरवली तरी दुसरी असेल. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही.

तुझे कागद ठेवलेत.

पाटीवरचं पुसलेलं मला परत काढता येत नाही. डिस्कबद्दल असतं तर सांगितलं असतं.

बारक्या

&nbsp;

२३ नोव्हेंबर

बारक्या,

उशीर झाला लिहायला. चांगलं काही झालं की लिहू म्हणत होते, आणि जे झालं ते चांगलं म्हणावं की काय ते ठरेना.

१४ ऑक्टोबरला आवाजवाल्याकडे गेलो. जाताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. त्याने तिच्या कानांवर ते मोठे काळे कान चढवले आणि म्हणाला, शहाण्णव नंबर आधी ऐका, तुमच्या भावाने पाकिटावर तसं लिहिलंय. भाऊ म्हणजे तू. मला सांगायचं होतंस. अकरा मिनिटं मी तिची पर्स धरून उभी. कुठपर्यंत आलंय ते मला तिच्या बोटांवरून कळत होतं, टेबलावर ती ठेका धरत होती, आणि एका जागी बोटं थांबली. मी बाहेर जाणार होते. गेले नाही. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग कान उतरवले आणि आवाजवाल्याला पाटीवर लिहून दाखवलं. मला दिसेल असं धरलं नव्हतं, पण तो मोठ्याने वाचतो सगळं. "हसणं घ्या. मला लागेल."

मशीन आठवड्यापूर्वी आलं. वहीएवढं आहे. आवाज जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि "मला" म्हणताना अडखळतो, पण तिचाच. पहिल्यांदा बोलली तेव्हा शेजारीण दाराबाहेरून ओरडली, "अगं, बरी झालीस की काय!" दीरही आलाय आता. त्याने बायकोला मेलचं सांगितलं. काय सांगितलं आणि ती काय म्हणाली ते मी विचारलं नाही. दोन दिवस दोघंही जेवताना ताटात बघत होते. त्याने नवा डबा आणलाय, कपाटात नाही, हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलाय. माझ्याशी बोलतो, फार नाही, कामापुरतं. मला म्हणाला, "वाजला की सांगा." मी म्हटलं, "सांगेन."

धाकटी नवऱ्याशी मशीनने बोलते. शेजारणीशी, डॉक्टरशी, फोनवर बहिणीशी. दूधवाल्याला सुनावते. चार महिन्यांचं साठलेलं बाहेर पडतंय, घर भरून गेलंय.

माझ्याशी पाटीवर.

मी एकदा म्हटलं, अगं, मशीन आहे ना? तिने माझ्याकडे बघितलं आणि पाटीच घेतली. परत म्हटलं नाही. मला घाईची सवय, सगळं झटकन हवं, तुला माहीतच आहे. हे झटकन होणारं नाही हे कळतं. कळलं म्हणून सोपं होत नाही.

काल लाँड्रीतून आले तर ती स्वयंपाकघरात बहिणीशी बोलत होती. काय बोलणं झालं कोण जाणे, तिने ते बटण दाबलं. हसली. मी बोळातच थांबले, चपला हातात घेऊन. माझी चाहूल लागल्यावर तिने मशीन बाजूला सारलं आणि पाटी ओढली. लिहिलं. माझ्यासमोर धरलं.

"पडदे धुवायला काढायचेत."

मोठं लिहिलं होतं, बारक्या. पूर्वीसारखं. आणि फडकं दुसऱ्या हातात तयार होतं, पण पुसलं नाही. माझ्या ओठांकडे बघत, माझं वाचून होईपर्यंत थांबली.

खरं सांगू? मी जरा जास्तच सावकाश वाचलं.

आक्का